गंजलेला सायलेन्सर आणि घरचा अबोला

आठ महिने आमच्या घरात दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती, आणि त्या दोघांचं सगळं बोलणं माझ्या तोंडून चालायचं. एक माझे सासरे आणि दुसरा माझा नवरा. जेवायला एकाच टेबलाशी बसायचे, मध्ये लोणच्याची बरणी. सासरे मला म्हणायचे, "त्याला सांग, मीठ इकडं सरकव." नवरा मीठ सरकवायचा आणि मलाच म्हणायचा, "त्यांना सांग, बीपी आहे, वरून मीठ घेऊ नका." एकदा मी वैतागून विचारलं, "मी काय पोस्टात नोकरीला आहे का?" दोघांनीही ताटात मान घातली. आठ महिन्यांत त्यांचं एकमत झालं ते तेवढंच.

भांडण मोटरसायकलवरून. सासरे पुण्याचे. सासूबाई गेल्यावर आमच्याकडं निजामाच्या शहरात, नल्लकुंट्याला राहायला आले ते एक सुटकेस आणि रेल्वेच्या पार्सलमधून ही मोटरसायकल घेऊन. सुटकेस त्यांनी पहिल्या दिवशी उघडलीसुद्धा नाही, गाडी मात्र लगेच पुसून काढली. रोज सकाळी दूध आणायला, संध्याकाळी उगाच, असे ते गाडीवरून हिंडायचे. मग बहात्तराव्या वर्षी बरकतपुऱ्याच्या चौकात एक रिक्षा त्यांना घासून गेली आणि ते पडले. कोपर सोललं, गुडघा सुजला. नवरा धावत गेला, त्यांना आणि गाडीला घेऊन आला, आणि गाडीची चावी आपल्या ऑफिसच्या बॅगेत टाकली ती कायमची. त्या संध्याकाळपासून अबोला.

नातेवाईक फोनवर म्हणायचे, जाऊ दे गं, म्हातारपण आहे, येतील ताळ्यावर. मीही तेच म्हणायचे. म्हाताऱ्या माणसाचा रुसवा काढण्यापेक्षा निरोप पोचवणं सोपं होतं.

आठव्या महिन्यात नवऱ्यानं जाहीर केलं की गाडी विकायची. जाहीर केलं म्हणजे सासऱ्यांच्या समोर मला सांगितलं. ऑफिसातल्या एकाला जुन्या गाड्यांचं वेड आहे, तो पुढच्या रविवारी घेऊन जाईल. मला धस्सच झालं. गाडी होती तोवर निदान भांडायला काहीतरी होतं. ती गेली की हे दोघं असेच मुके राहणार, एक दिवस सासरे जाणार, आणि मग माझा नवरा भिंतीवरच्या फोटोशी जन्मभर बोलत बसणार. मी त्याला ओळखते. फोटोशी तो फार छान बोलतो, आईच्या फोटोशी रोज बोलतो.

सासऱ्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "त्याला सांग, गाडी जाईल तर सायलेन्सर रंगवून जाईल. असला गंजका सायलेन्सर घेऊन मी तिला कुणाच्या दारात पाठवणार नाही."

सायलेन्सर खरंच बघवत नव्हता. मुळात तो चकचकीत असावा, पण आता त्याच्यावर खपल्या धरल्या होत्या आणि बोट लावलं की तांबडी भुकटी निघायची. मलकपेठला माझ्या माहेराजवळ एक मेकॅनिक आहे, त्याला विचारलं. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून सासरे म्हणाले, "एवढ्यात मी त्याचं दुकान रंगवून देतो." झालं, काम घरीच करायचं ठरलं.

पहिला प्रयोग भयंकर. खिडकीच्या ग्रिलला दिलेला काळा ऑइलपेंट डब्यात तळाला उरला होता, तो सासऱ्यांनी ब्रशनं सरळ गंजावरच फासला. वाळल्यावर दिसला मात्र झकास. मग त्यांनी माझ्याकरवी नवऱ्याला गाडी चालू करायला सांगितली, आणि पाच मिनिटांत त्या रंगाला फोड आले, धूर निघाला, असा घाणेरडा वास सुटला की खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई "अय्यो, सिलिंडर!" म्हणत घराबाहेर पळाल्या. नवरा मला म्हणाला, "त्यांना सांग, सायलेन्सर तापतो." सासरे मला म्हणाले, "त्याला सांग, मला माहीत आहे." माहीत कसलं डोंबल! पण मी दोन्ही निरोप पोचवले.

मग आम्ही दोघं, म्हणजे सासरे आणि मी, बेगम बाजारात गेलो. मला धणे-जिरं घ्यायचंच होतं. तिथल्या एका हार्डवेअरवाल्याला सासऱ्यांनी सगळी हकीकत सांगितली. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "साब, जाली का पेंट सायलेन्सर पे कायकू मारे?" सासरे गंभीरपणे म्हणाले, "प्रयोग होता." त्यानं उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा स्प्रेचा डबा दिला, तारेचा ब्रश दिला, पॉलिश पेपर दिला, थिनरची बाटली दिली, आणि वर फुकट सल्ला दिला की घाई नक्को, आधी गंज काढा, मग पातळ हात मारा, वाळू द्या, परत मारा, आणि शेवटी गाडी दहा मिनिटं चालवून बंद करा, गार होऊ द्या, परत चालवा. असं तापवल्याशिवाय रंग पक्का होत नाही. सासऱ्यांनी हे सगळं बिलाच्या मागं लिहून घेतलं. लग्नाच्या याद्यासुद्धा लोक इतक्या मन लावून लिहीत नाहीत.

शनिवारी सकाळी आम्ही खाली पार्किंगमध्ये बसलो. ते तारेच्या ब्रशनं फोड आणि गंज खरवडत होते, मी पॉलिश पेपर घासत होते. घासता घासता त्यांनी माझी शिकवणी घेतली, कारण मी म्हटलं, "बाबा, डोल्यात गेलं."

"डोळ्यात," ते म्हणाले.

"तेच म्हणतेय ना मी, डोल्यात."

आमचं घराणं निजामाच्या काळापासून इथलं. मराठी घरातली, पण गल्ली, शाळा, मैत्रिणी, सगळं दखनी. त्या भाषेला ळ लागत नाही, म्हणून माझ्या जिभेलाही लागला नाही. लिहिताना मी नीट लिहिते, बोलताना नळ म्हणजे नल आणि काळा म्हणजे काला. सासऱ्यांना हे सहन होत नाही. "अगं, तेलुगूतसुद्धा ळ आहे," ते म्हणाले, "मग तुलाच काय धाड भरली?" मी म्हटलं, "बाबा, ज्यांना ळ येतो ते दोघं तरी कुठं एकमेकांशी बोलतात?" ते ब्रश आणखी जोरात घासायला लागले. मला वाईट वाटलं, पण शब्द मागं घेतले नाहीत.

गंज गेला, थिनरनं पुसून झालं. इंजिनावर आणि टायरवर वर्तमानपत्र चिकटवलं. मराठी पेपरावर रंग उडालेला त्यांना चालणार नव्हता, म्हणून इंग्रजी. सायलेन्सरच्या तोंडातून रंग आत जाऊ नये म्हणून त्यांनी माझ्या चिंध्यांच्या पिशवीतून एक फडकं काढलं, फाडून अर्धं केलं, आणि त्याचा बोळा करून तोंडात घट्ट कोंबला. ते फडकं म्हणजे माझा जुना गुलाबी परकर होता. मी सांगितलं नाही. सासरे आहेत, उगाच लाजले असते. मग त्यांनी फवारा मारला, पातळ, तीन वेळा, मध्ये वाळवून. एकही ओघळ आला नाही. संध्याकाळी तो सायलेन्सर पाहून ते स्वतःशीच म्हणाले, "वा रे पठ्ठे."

रविवारी अकराला गिऱ्हाईक येणार होतं. साडेनऊला रंग तापवून पक्का करायला दोघं खाली उतरले. सासऱ्यांच्या गुडघ्याला किक मारणं जमत नव्हतं, म्हणून नवरा. मी दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत कपडे वाळत घालत होते, आणि इथंच घोटाळा झाला. निरोप्या वर आणि दोघं खाली.

नवऱ्यानं किक मारली. काही नाही. परत मारली. काही नाही. सासरे मान वर करून ओरडले, "त्याला सांग, चोक ओढ!" मी वरून ओरडले, "चोक ओढ!" नवरा त्यांच्यापासून चार हातांवर. तो वर बघून ओरडला, "त्यांना विचार, पेट्रोलचा कॉक चालू आहे का!" मी ओरडले, "बाबा, कॉक!" ते ओरडले, "त्याला म्हणावं, मी काय दूधपितं पोर आहे?" हे मी जसंच्या तसं खाली सांगितलं. घरमालकीणबाई बाहेर आल्या. समोरच्या बिल्डिंगमधले दोन-तीन जण कठड्याला टेकून बघायला लागले. रविवार सकाळ, लोकांना दुसरा काय उद्योग? नवरा घामानं भिजला होता. किक, किक, किक. गाडी एकदा खोकली आणि गप्प झाली.

मी दोरीवर पुढचं फडकं टाकलं आणि बघते तर गुलाबी. परकराचा उरलेला अर्धा. म्हणजे दुसरा अर्धा अजून सायलेन्सरच्या तोंडात! त्याच्यावरही काळा रंग बसलेला, दिसणार कुणाला? मी कठड्यावरून अर्धी बाहेर वाकले आणि जीव तोडून ओरडले, "बाबा! बोला! अहो बोला, बोला!"

म्हणायचं होतं बोळा. जीभ माझी.

सासऱ्यांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. मी आणखी एकदा ओरडले, "बाबा, बोला ना!" आणि ते नवऱ्याकडं वळले.

"बोला म्हणते! काय बोलू?" आवाज फाटला त्यांचा. "पडलो त्या दिवशी तू आलास, आणि आधी गाडी उचललीस. हेडलाइट बघितलास. चावी खिशात घातलीस. मी तिथं फुटपाथवर बसलोय, कोपरातून रक्त गळतंय. एका शब्दानं विचारलंस का, बाबा, लागलं का?"

नवरा किकवर पाय ठेवून तसाच उभा. मला वाटलं आता हा वर बघणार आणि म्हणणार, त्यांना सांग. नाही बघितलं.

"बघवत नव्हतं मला तुमच्याकडं," तो म्हणाला. "पाय लटपटत होते माझे. गाडी धरली म्हणून उभा राहिलो."

"मग तसं सांगायचं ना, गाढवा!"

"तुम्ही बोलतच नव्हतात!"

"तू विचारतच नव्हतास!"

मी जिन्यावरून धावत खाली गेले. गुपचूप सायलेन्सरच्या तोंडात दोन बोटं घातली आणि तो काळा बोळा ओढून मुठीत दाबला. कुणाचं लक्ष नव्हतं. नवऱ्यानं रागाच्या भरात आणखी एक किक मारली आणि गाडी धडधडायला लागली. नव्या रंगाचा धूर निघाला, त्या धुरात दोघं एकमेकांवर ओरडत उभे होते. चुलीवर भाकरी करताना लागते तशी माझ्या डोळ्यांतून धार लागली. धुरामुळं लागली असं मी घरमालकीणबाईंना सांगितलं.

गाडी शेवटी गेलीच. गिऱ्हाईक आलं तेव्हा सासरे स्वतः पुढं झाले, पाऊण तास त्याला साखळीला तेल कधी घालायचं ते सांगत बसले, आणि तो बिचारा हेल्मेट घालून ऐकत होता. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर सासरे आणि नवरा दोघं पायी चहा प्यायला गेले. मला विचारलंसुद्धा नाही. आता जेवताना ते थेट भांडतात, मिठावरून, बातम्यांवरून, पंख्याच्या वेगावरून. मला निवांत जेवता येतं.

परवा सासरे पुण्याला आपल्या बहिणीशी फोनवर बोलत होते. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते.

"सून माझी खमकी आहे," ते म्हणाले. "आठ महिने माझं म्हणणं नुसतं इकडून तिकडं पोचत होतं. बोला, असं मला कुणी म्हटलंच नाही गं. तिनं म्हटलं. भर गल्लीत, ओरडून म्हटलं. कुणीतरी म्हणावं म्हणूनच मी थांबलो होतो."

माझे हात कणकेत तसेच राहिले. शरम वाटली, अगदी कानापर्यंत. बाहेर जाऊन सांगावं असं वाटलं की बाबा, मी ते म्हटलंच नव्हतं, आठ महिन्यांत एकदाही नाही. तेवढ्यात त्यांनी हाक मारली, "अगं, आत्या बोलायचं म्हणतेय तुझ्याशी." मी हात धुतले आणि फोन घेतला.