शेऱ्याचा रकाना

तराजूच्या काचेच्या पेटीवर बोट फिरवायचं, ते खिडकीच्या उजेडात धरायचं, अंगठ्याशी दोनदा चोळायचं आणि म्हणायचं, "आज डाळमिल." प्रयोगशाळेत शिरल्यावर चाचा सगळ्यात आधी हे करत. एखाद्या दिवशी "खडी केंद्र." एखाद्या दिवशी नुसतंच "रोड." तेव्हा कॉलेजसमोर चौपदरी रस्त्याचं काम चालू होतं, म्हणजे एक बाजू उकरलेली होती आणि दुसरी उकरायची तयारी होती.

मी लातूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. हवेतल्या धूलिकणांवर माझी डॉक्टरेट आहे. त्यासाठी मी सहा वर्षं घालवली आणि कुठली धूळ कुठून येते हे शेवटी जे सिद्ध केलं ते चाचा अंगठ्यानं सांगत. ते आमचे प्रयोगशाळा परिचर. दहावी नापास. सगळं कॉलेज त्यांना चाचा म्हणे, प्राचार्यसुद्धा. मला सगळे सर म्हणत. पण सर कॉलेजात चाळीस होते आणि चाचा एकच होते, हा फरक माझ्या फार लवकर लक्षात आला.

षड्रिपूंच्या यादीत मत्सर सगळ्यात शेवटी येतो. यादी करणाऱ्याच्या हाताखाली असा परिचर नसावा.

आमच्या गच्चीवर हवा मोजायचं यंत्र होतं. कौलारू घरासारख्या उतरत्या टोपीचा पत्र्याचा खोका, आत पंखा. तो दिवसभर हवा ओढायचा आणि धूळ एका पांढऱ्या कागदावर बसायची. कागद आधी तोलायचा, नंतर तोलायचा, फरक म्हणजे शहराची धूळ. तक्ता भरून वर पाठवायचा. तक्त्यावर सही माझी. कागद लावणं, काढणं, तोलणं आणि तक्ता भरणं हे चाचांचं. तक्त्याच्या शेवटी शेऱ्याचा रकाना होता. सरकारी तक्त्यात हा रकाना असतो तो मोकळा ठेवण्यासाठी. चाचा तो भरत. "रात्री वारं." "समोर मांडव, जनरेटर." "विटभट्टी पेटली." "उसाचं पाचट जाळलं." एकदा नुसतंच "मोहरम, गर्दी." मी सही करताना ते वाचायचो आणि आपल्याला काही वाटलंच नाही असं दाखवायचो.

एकदा मी त्यांची परीक्षा घेतली. आदल्या दिवशीचा कागद आजच्या पाकिटात घातला आणि आजचा कालच्या. चाचांनी पाकीट उघडलं, कागद उजेडात धरला.

"सर, ये कालचा हाय."

"कशावरून?"

"काल मिल चालू होती. ह्याच्यात तुरीचा भुस्सा हाय. आज अमावास्या, मिल बंद." मग कागद परत देताना म्हणाले, "घाईत व्हतं असं. व्हतं कधी कधी."

त्यांनी मला माफ केलं, हे मला जास्त झोंबलं.

आता पाण्याचं सांगतो, कारण लातूरची गोष्ट पाण्याशिवाय सांगितली तर लातूरकर ती खोटी समजतील. आमच्याकडे नळ आठव्या-दहाव्या दिवशी येई. पाहुणे कधी यावेत हे लोक नळाच्या दिवसावरून कळवत. प्रयोगशाळेला मात्र डिस्टिल्ड वॉटर लागतं. पाणी उकळून त्याची वाफ पुन्हा गार करायची, आणि गार करण्यासाठी नळीभोवती दुसरं पाणी सतत वाहतं ठेवायचं. लिटरभर शुद्ध पाण्यासाठी कितीतरी चांगलं पाणी गटारात जातं. हे पाणी आमच्या कॉलेजच्या बोअरचं. या नासाडीवर मी एका रविवार पुरवणीत लेख लिहिला होता. त्यात इस्रायल होतं, कौटिल्य होता. लेखाचं कौतुक झालं. डिस्टिलेशनच्या यंत्राचं पाणी गटारात जात राहिलं.

चाचांनी तो लेख वाचला नाही. त्यांनी भंगारातून बागेची नळी आणली, यंत्राच्या तोंडाला बांधली, खिडकीतून बाहेर काढली आणि फाटकाजवळ ठेवलेल्या पिंपात सोडली. कोमट, स्वच्छ पाणी. समोरच्या गल्लीतल्या बायका घागरी घेऊन येऊ लागल्या. "चाचा, आज मशीन हाय का?" ही आमच्या फाटकावरची रोजची चौकशी झाली. मला आजवर कुणी विचारलं नाही की सर, आज लेख आहे का.

घरीही सुटका नव्हती. एकदा नळ बाराव्या दिवशीही आला नाही तेव्हा बायको म्हणाली, "अहो, चाचांना सांगून बघा ना."

"चाचा काय करणार? ते काय पाटबंधारे मंत्री आहेत?"

"मंत्री असते तर त्यांना सांगितलं असतं का?"

संध्याकाळी चाचा सायकलला दोन कॅन लावून दारात हजर. मी तिला सांगितलं होतं की मी काही सांगणार नाही. तिनं परस्पर फोन केला होता. चाचांना तिनं चहा दिला, तोही बशीसकट, पाहुण्यांच्या कपात. मी त्या दिवशी स्टीलच्या पेल्यात प्यालो.

तर अशा दिवसांत एका पाहणी पथकाचं येणं ठरलं. शहर किती वेगानं पुढं चाललंय ते बघायला पथक येणार होतं. दुभाजकात झाडं लावली गेली, काही प्लास्टिकच्या पिशवीसकट. भिंतींवर हिरवी जंगलं आणि धबधबे रंगवले. लातुरात धबधबा मी तेवढाच पाहिला. पथक आमच्या गच्चीवरचं यंत्रही बघणार होतं आणि आदल्या दिवशीचा तक्ता हातात घेणार होतं.

प्राचार्यांनी मला बोलावलं. "सर, आकडा नीट आला पाहिजे."

"नीट म्हणजे?"

"नीट म्हणजे नीट. वरून फोन होता." वर म्हणजे कुठं, हे आमच्याकडे विचारायची पद्धत नाही.

यंत्र फसवणं अवघड असतं. हवा फसवणं सोपं. आदल्या दिवशी दुपारी एका ठेकेदाराचा टँकर आला, मागं भोकं पाडलेली आडवी नळी लावलेला. कॉलेजच्या चारी बाजूंचा फुफाटा दाबायचा हे त्याचं काम. मी आणि चाचा गच्चीवर होतो. नळीतून पाणी सुटलं, उन्हात धुरळ्याचा वास उठला, आणि समोरच्या गल्लीतून बायका धावत आल्या. घागरी, कळश्या, एकीच्या हातात कणीक मळायची परात. त्यांना वाटलं, गल्लीचं पाणी आलं.

ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "ओ बाई, मागं सरा. ये रोडचं पाणी हाय, माणसाचं न्हाई."

"मंग रोडालाच सांग मत टाकायला," परातवाली म्हणाली आणि चालत्या टँकरच्या मागं परात धरून पळू लागली. टँकर पुढं, ती मागं. परातीत पडत होतं त्याहून जास्त तिच्या पदरावर पडत होतं.

मी म्हणालो, "वाईट आहे हे." असं म्हणायची मला सवय आहे.

वळून पाहिलं तर चाचा शेजारी नव्हते. खाली रस्त्यावर दिसले. टँकरच्या खिडकीला हात लावून चालत होते. त्यांनी ड्रायव्हरला काय सांगितलं ते नंतर कळलं. "भाऊ, तुला मारायचंय ते मार रोडावर. फक्त गाडी हळू चालव. चालायच्या मापानं." एवढंच. भांडण नाही, अडवणूक नाही. टँकर पायी चालणाऱ्या माणसाच्या चालीनं चालू लागला आणि त्याच्या मागं नळीखाली घागरी लावून बायका चालू लागल्या. एक भरली की ती बाजूला व्हायची, दुसरी पुढं यायची. कॉलेजभोवती तीन फेऱ्या झाल्या. गच्चीवरून ती रांग देवाची पालखी असावी तशी दिसत होती. रस्ताही भिजला. ड्रायव्हरवर ओरडायला कुणाला कारण मिळालं नाही.

हे मला का सुचलं नाही, हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही. तेव्हा मी एवढंच पाहिलं की परातवालीनं जाताना चाचांकडे बघून मान डोलावली. वर गच्चीवर मीही होतो. तिनं वर बघितलं नाही.

संध्याकाळी कागद तोलला. आकडा इतका नीट आला की मला लाज वाटली. मग चाचांनी तक्ता सहीसाठी समोर ठेवला. शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या तिरप्या, जाड अक्षरात लिहिलं होतं:

"आज हवा चांगली आहे कारण रस्त्याला पाणी मिळालं. समोरच्या गल्लीला अकरा दिवस झाले मिळालं नाही."

मी दोनदा वाचलं. चाचा हात पुसत उभे होते.

"चाचा, हे असं पाठवता येत नाही."

"खोटं हाय का सर?"

"खोटं नाही."

"मंग जाऊ द्या की. रकाना हायच ना त्याला." आणि ते यंत्रावर ताडपत्री टाकायला वर गेले.

तुम्ही म्हणाल, मी घाबरलो. घाबरलो होतोच. नोकरी, प्राचार्य, वरचा फोन, सगळं डोळ्यांपुढं होतं. भीतीचं कुणी फारसं वाईट वाटून घेत नाही, म्हणून पुढं बरीच वर्षं मी स्वतःला तेच कारण सांगत आलो. पण त्या खोलीत एकटा बसलो असताना मला टोचत होतं ते वेगळंच. मी तीस वर्षं लिहीत होतो. हवेवर, पाण्यावर, विकासावर. माझ्या कपाटात कात्रणांच्या चार फायली होत्या. आणि त्या चार फायलींत या दोन वाक्यांच्या तोडीचं एक वाक्य नव्हतं. तक्ता पथकाच्या हातात पडला असता तर कुणीतरी विचारलं असतं, हे कुणी लिहिलं.

मी कोरा तक्ता काढला. सगळे आकडे जसेच्या तसे उतरवले. शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, "निरंक". सही केली. चाचांचा तक्ता घडी करून खिशात घातला.

पथक आलं, गच्चीवर पाच मिनिटं उभं राहिलं, त्यातली दोन फोटोला गेली. माझं अभिनंदन झालं. प्रमुख म्हणाले, "काम फार शिस्तीचं आहे." प्रमाणपत्र मिळालं, ते अजून आमच्या दिवाणखान्यात आहे. बायकोनं ते अशा जागी लावलंय की दार उघडलं की दाराआड जातं.

दुसऱ्या दिवशी चाचांनी कार्यालयात तक्त्याची प्रत पाहिली. ओरडले नाहीत. माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, अक्षर लई झ्याक हाय तुमचं."

त्या दिवसापासून त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात रोज "निरंक" लिहिलं. विटभट्ट्या पेटल्या, निरंक. पाचट जळालं, सगळ्या गच्च्यांवर काळी राख पडली, निरंक. मे महिन्यात वावटळीनं यंत्राची टोपीच उडाली, चाचांनी ती दोन घरांपलीकडून शोधून आणली, आणि शेरा लिहिला, निरंक.

मी एकदा म्हणालो, "चाचा, लिहा की काहीतरी. पूर्वीसारखं."

"सही तुमची, सर. शेरा बी तुमचाच बरा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. पिंपात पाणी सोडणं त्यांनी थांबवलं नाही, घरी कॅन आणणंही नाही. फक्त तो एक रकाना त्यांनी मला देऊन टाकला, आणि मी त्यात पुढं कधी एक शब्द लिहू शकलो नाही.

तीन वर्षांनी चाचा निवृत्त झाले. सभागृह गच्च भरलं. समोरच्या गल्लीतल्या बायका आल्या होत्या, प्राचार्यांना त्यांना बसवायला खुर्च्या मागवाव्या लागल्या. माझ्या निवृत्तीला किती लोक येतील याचा अंदाज मी मनातल्या मनात बांधून पाहिला आणि सोडून दिला.

भाषण माझं होतं. या वेळी चुकायचं नाही असं ठरवून मी उठलो. टँकरची गोष्ट सांगितली. मग म्हणालो, "त्या दिवशी एका तक्त्यावर दोन वाक्यं लिहिली गेली," आणि ती वाक्यं म्हटली. पाठ होती. म्हणून झाल्यावर मी थांबलो. पुढचं वाक्य तयार होतं: ही वाक्यं चाचांची, आणि ती मी दाबली. पण ते म्हणण्याआधी जरा थांबावं, असर पडू द्यावा, असं मला वाटलं. ही वक्त्याची खोड. त्या थांबण्यात टाळ्या पडल्या. प्राचार्य उठले, माइक हातात घेऊन म्हणाले, "वा. सरांची लेखणी आपल्याला माहीतच आहे." पुन्हा टाळ्या. मी खाली बसलो.

चाचाही टाळ्या वाजवत होते.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "चाचा, मला सांगायचं होतं ते वाक्य तुमचं होतं. राहून गेलं."

चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ठेवला.

"राहू द्या सर. तुम्ही म्हटलं म्हणून टाळ्या पडल्या. मी म्हटलो असतो तर चौकशी लागली असती."

फाटकाबाहेर त्यांचा जावई मोटारसायकल घेऊन उभा होता. चाचा उदगीरला मुलीकडे राहायला निघाले होते, तिथून ते परत आले नाहीत. रस्त्याची दुसरी बाजू त्या आठवड्यात उकरली होती आणि ट्रक मुरूम ओतत होते, समोरचं काही दिसत नव्हतं. चाचा मागं बसले, नारळ मांडीत धरला, आणि नुकतीच पांघरलेली सत्काराची शाल खांद्यावरून काढून नाकातोंडावर गच्च बांधली. अशा शाली मी कपाटात पडलेल्या पाहिल्या आहेत, माझ्याही सहा आहेत. उपयोगाला आलेली ती एकच पाहिली. मोटारसायकल धुरळ्यात शिरली, आणि आधी चाक, मग माणसं, शेवटी शालीची जरीची किनार दिसेनाशी झाली.