मावशीचे स्नॅपशॉट

जगातली एकही गोष्ट हरवू द्यायची नाही, असा विडा सानपाड्याच्या माझ्या मावशीने एकटीने उचलला आहे, आणि तिच्याकडे पाहिलं की वाटतं, ती तो तडीला नेईलसुद्धा. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर मावशी बॅकअपच्या नादी लागली. तिच्या कॉम्प्युटरला साबणाच्या वडीएवढी एक हार्ड डिस्क कायम जोडलेली असते. कॉम्प्युटर त्या घटकेला जसा असेल तसा ही डिस्क तासातासाला टिपून ठेवते. त्याला म्हणायचं स्नॅपशॉट. तो चालू असताना घरात मिक्सर लावायची बंदी. पाहुण्याचा पाय वायरीत अडकला तर मावशी आधी वायर तपासते, मग पाय. एकदा तो पाय माझ्या वडिलांचा होता आणि चांगलाच मुरगळला होता.

गेल्या वर्षी ती डिस्क भरली. बॅकअप थांबला आणि मावशीचं जेवणावरचं लक्ष उडालं. मी धावत गेलो आणि म्हणालो, "हे सहलींचे व्हिडिओ उडव, होईल जागा."

"अरे, कॉम्प्युटरवरून उडवून डिस्कवर जागा कशी होईल? जुन्या स्नॅपशॉटनी ते धरून ठेवलेत ना!"

"मग जुने स्नॅपशॉटच काढ सगळे."

"न बघता?" मावशीने माझ्याकडे असं पाहिलं, की भूगोलात नापास झालेली सगळी मुलं मला एकदम आपली वाटली.

मग ती तांदूळ निवडावेत तशी बसली. ताजे सगळे ठेवले, मागच्या महिन्याभरातल्या प्रत्येक दिवसाचा एकेक, त्याहून जुन्यांतला महिन्याचा एकेक. बाकीचे काढायचे, पण प्रत्येक उघडून. "जे बाकीच्यांतही आहे ते कुठं जात नाही," ती म्हणाली. "फक्त ह्याच्यातच जे आहे, ते मात्र कायमचं जाईल. ते बघायला नको?" माझे दोन चहा झाले, एक डुलकी झाली; मावशीची मान वर झाली नाही.

एका जुन्या स्नॅपशॉटपाशी तिचा हात थांबला. दिवाळे गावाहून तिच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या बाईची सासू धवलारीण, म्हणजे लग्नात धवले ही विधींची गाणी गाणारी. मावशीने तिचं गाणं घरी जाऊन रेकॉर्ड केलं होतं आणि पुढचं-मागचं कापताना चुकून मधलंच कापून टाकलं होतं. इतके दिवस तिला पत्ताच नव्हता. इथे मात्र ते अख्खं होतं. आणि मधल्या काळात आजारपणात म्हातारीचा गाता आवाज गेला होता.

म्हातारीच्या नातवाच्या हळदीला आम्ही ते घेऊन दिवाळ्याला गेलो. स्पीकरवर तो खणखणीत आवाज निघाला आणि मांडवातल्या बायका बोलणं सोडून स्पीकरभोवती जमल्या. मी मावशीकडे बघतच राहिलो. जवळजवळ पुसला गेलेला आवाज ह्या बाईने नुसत्या चिकाटीने परत आणला होता.

म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. गाणं संपल्यावर घोगऱ्या आवाजात कुजबुजली, "हितं दम तुटला माजा. पुसून टाक गो. परत गाते."

तिने मान ताठ केली, तोंड उघडलं. नुसता श्वास बाहेर आला. पुन्हा उघडलं. बायका खाली बघू लागल्या.

मावशीने तिचा हात हातात घेतला. "असू दे, आई. तुटलेला दमही राहू दे."

म्हातारी थोडीशी हसली. मावशीने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.