न वाचलेला पंचनामा

आमच्या नात्यात कागद कळणारा माणूस मी एकटाच, असं गेली पंचवीस वर्षं सगळे मानत आले. मी पांढुर्ण्याला नगरपालिकेत बाबू आहे. जातीचा दाखला असो, कुटुंबाच्या सरकारी समग्र आयडीतली जन्मतारीख असो, शाळेच्या दाखल्यावर चुकलेलं आडनाव असो, सौंसरहून धाकट्या बहिणीचा फोन यायचा, "भाऊ, एक कागद आला हाय, पाहून दे ना." मी पाहून द्यायचो. या गोष्टीचा मला अभिमान होता. आता जे लिहितो आहे ते याच अभिमानाबद्दल आहे.

सहा-सात वर्षं झाली असतील. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. नदीच्या पात्रात झेंडा रोवतात आणि दोन्ही काठांवरून संध्याकाळपर्यंत एकमेकांवर दगड चालतात. दरवर्षी जमावबंदीचा आदेश निघतो, गोफणीवर बंदी असते, आणि दरवर्षी गोटमार होते. पालिकेच्या लोकांना त्या दिवशी सुट्टी नसते. मला मलमपट्टीच्या मंडपात बसवलं होतं. डोकं फुटलेला माणूस आला की त्याचं नाव, वय, गाव रजिस्टरात लिहायचं, एवढंच काम. दिवसभर मान वर केली नाही.

संध्याकाळी गर्दी पांगल्यावर बंदोबस्तासाठी बाहेरून आलेला एक हवालदार मंडपात आला. थकलेला होता. त्याच्या हातात जप्तीचे पाच पंचनामे होते आणि त्याला पंच हवे होते. पंच म्हणजे ज्याच्या डोळ्यांदेखत जप्ती झाली तो साक्षीदार. खरं तर मी काहीच पाहिलेलं नव्हतं. पण आमच्यासारखे पालिकेचे लोक हाताशी असतात, नाही म्हणत नाहीत, आणि पंच म्हणून सही करणं ही चहा पाजण्यासारखी साधी गोष्ट समजली जाते. मी याआधीही अशा सह्या केल्या होत्या. त्या हवालदाराला मी दोष देत नाही. तो म्हणाला होता, वाचून दाखवतो. मीच म्हणालो, राहू द्या, तुम्ही काय खोटं लिहाल. एका हातात चहाचा कप धरून मी पाचही कागदांवर सह्या केल्या आणि घरी येऊन आंघोळ केली.

दीड-दोन महिन्यांनी बहिणीचा फोन आला. तिच्या मुलाच्या नावानं कोर्टाचा समन्स आला होता. तो तेव्हा नागपूरला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होता. गोटमारीच्या दिवशी मित्रांसोबत पांढुर्ण्याला आला, माझ्याकडे आला नाही, कारण मी रागावलो असतो. पोलिसांनी धरलं, नाव-पत्ता लिहून जामिनावर सोडलं, आणि पोरानं घरी कोणाला सांगितलंच नाही. बहीण अंगणवाडीत मदतनीस आहे, तिचा नवरा बोरगावला कंपनीत. दोघांनाही कोर्ट म्हटलं की घाम फुटतो. ती म्हणाली, तू तिथंच आहेस, तूच पाहा.

मी वकिलाकडे गेलो. त्यानं प्रकरणाचे कागद समोर टाकले. जमावबंदीचा आदेश मोडल्याचा किरकोळ गुन्हा. खाली पंचनामा. भाच्याच्या ताब्यातून नायलॉनची गोफण एक आणि दगड सात, पंचांसमक्ष जप्त. त्याखाली माझी सही. शेवटच्या अक्षराखाली एक तिरपी रेघ मी मॅट्रिकपासून ओढत आलो आहे. ती रेघसुद्धा होती.

वकिलाच्या ते लक्षात आलं नाही, कारण माझं नाव त्यानं वाचलंच नव्हतं. त्यानं दोन रस्ते सांगितले. लढायचं, म्हणजे तारखा, आणि पंचांना साक्षीला बोलावणं. किंवा लोक अदालतीत गुन्हा कबूल करून टाकायचा, थोडासा दंड, त्याच दिवशी मोकळे. सगळे हेच करतात, तो म्हणाला.

इथं मला थांबून खरं लिहायचं आहे. मी लगेच दुसरा रस्ता धरला, आणि मनात पोराच्या शिक्षणाचं नुकसान होईल असं कारण उभं केलं. ते कारण खोटं नव्हतं. पण पहिलं कारण ते नव्हतं. लढलो असतो तर मला पिंजऱ्यात उभं राहावं लागलं असतं. तिथं मी हो म्हटलं असतं तर सख्ख्या भाच्याविरुद्ध खोटी साक्ष झाली असती. नाही म्हटलं असतं तर न पाहता सही केली हे भर कोर्टात कबूल करावं लागलं असतं, आणि मग माझ्या नोकरीचं काय, माझ्या नावाचं काय. हे सगळं वकिलाच्या ऑफिसातल्या त्या खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या डोक्यात फिरून गेलं.

लोक अदालतीच्या दिवशी कोर्टाच्या आवारात चिंचेखाली पोरानं मला विचारलं, "मामाजी, कबूल केल्यानं पुढं काही होणार नाई ना?"

"काही नाई होत बेटा," मी म्हणालो. "दंड भरला का कागद तिथंच फाडून टाकतात."

मी कागदातला माणूस. कोर्टात कागद कधी फाडत नाहीत हे मला माहीत होतं. त्यानं आत जाऊन हो म्हटलं. मी मागच्या बाकावर होतो. बाहेर आल्यावर तो माझ्या पाया पडला.

दर रविवारी मी बुद्धविहारात पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. त्या रविवारपासून चौथ्या शिलाशी माझा आवाज खाली जायचा. माझ्या बायकोच्या ते लक्षात आलं होतं, तिला वाटलं घसा बसला असेल.

वर्षं गेली. पांढुर्णा जिल्हा झाला, ऑफिसावरच्या पाट्या बदलल्या. भाचा नर्स झाला, नागपूरच्या एका दवाखान्यात लागला. मागच्या वर्षी त्याला इंग्लंडातल्या एका वृद्धाश्रमात नोकरी ठरली. मोबाईलवर मुलाखत झाली, पत्र आलं, बहिणीनं जवळच्या मोहगावच्या सगळ्या नातेवाइकांना ते दाखवलं. राहिला होता फक्त व्हिसा.

पोलिसांचा चारित्र्याचा दाखला काढला, तर त्यात काहीच निघालं नाही. का निघालं नाही, हे मला आजही माहीत नाही. पण व्हिसाच्या अर्जात प्रश्न होता, तुम्हाला कधी कोणत्याही गुन्ह्यासाठी शिक्षा किंवा दंड झाला आहे का. नागपूरचा एजंट म्हणाला, दाखला कोरा आहे, बिनधास्त 'नाही' भरा. भाचा अडला. त्याच्या ओळखीच्या एका नर्सनं काहीतरी लपवलं होतं, ते सापडलं, आणि तिला कित्येक वर्षं अर्जच करता येणार नाही असं झालं होतं. मूळ गोष्ट क्षुल्लक होती, लपवणं महागात पडलं.

'हो' लिहिलं तर कोर्टाच्या निकालाची नक्कल आणि प्रकरणाचे कागद जोडावे लागणार होते. बहिणीचा फोन आला. "भाऊ, तू सांग. तू म्हणशील ते तो लिहिन."

पुन्हा तोच मी, आणि पुन्हा तोच कागद. 'नाही लिही' एवढं म्हटलं असतं तर पंचनामा जिथं होता तिथंच पडून राहिला असता. मी खोटं सांगत नाही, ते दोन शब्द माझ्या तोंडाशी आले होते. मी म्हणालो, दोन दिवस दे, नक्कल काढून आणतो.

नक्कल हातात आल्यावर मी ती पिशवीत घालून सौंसरच्या बसमध्ये बसलो. पूर्ण रस्ताभर वाक्य जुळवत होतो. भाचा सुट्टी काढून घरी आला होता. दुपारची वेळ, बहीण आत चहा ठेवत होती. जुळवलेलं एकही वाक्य मी बोललो नाही. फक्त कागद त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणालो, शेवटचं पान पाहा.

त्यानं पाहिलं. लहानपणी त्याच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून मीच सह्या केल्या होत्या, त्याला ओळख पटायला वेळ लागला नाही.

"मामाजी, हे तं तुमची सही हाय."

"हाव."

"तुम्ही तिथं होते?"

मी सगळं सांगितलं. मंडप, पाच कागद, चहा. वकिलाची खुर्ची. पिंजऱ्याची भीती. चिंचेखाली मी जे बोललो ते खोटं होतं आणि ते मला बोलतानाच माहीत होतं, हेही. तो हसला. ते हसू मला फार लागलं.

"पूर्ण गावात पोलिसाले पंच म्हणून माहा मामाच भेटला," तो म्हणाला. कागद खाली ठेवून म्हणाला, "गोफण माही नव्हती. बाजूले पडली होती कोणाची. पण दगड मारले होते मी, हातानं. दोन का तीन. सगळेच मारून राहिले होते." आणि मग, माझ्याकडे न पाहता, "मामाजी, तुम्ही मले कधी इचारलंच नाई."

हे खरं होतं. वकिलाला विचारलं, बहिणीला धीर दिला, तारीख पाहिली, दंडाची पावती जपून ठेवली. त्या दिवशी तू काय केलंस, एवढं पोराला विचारायचं मला सुचलं नाही. सुचलं नाही असंही म्हणता येणार नाही. त्याचं उत्तर मला नको होतं.

बहीण दारात कप घेऊन उभी होती. किती ऐकलं माहीत नाही, बहुतेक सगळंच. ती रडली नाही, ओरडली नाही. "म्हंजे तुले तवाच मालूम होतं, भाऊ," एवढंच म्हणाली, आणि चहा माझ्यासमोर ठेवला. तो मी प्यायलो. नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती.

भाच्यानं 'हो' लिहिलं. सोबत स्वतःच्या हातानं एक पत्र लिहिलं, त्यात दोन-तीन दगडांचंही लिहिलं. एजंटनं डोक्याला हात लावला. मी एक शपथपत्र करून दिलं, की पंचनाम्यावर मी न वाचता, न पाहता सही केली. वकील म्हणाला, "बाबूजी, हे लिहून देऊ नका, उद्या तुमच्याच गळ्यात येईल." मी म्हणालो, टाईप करा. या वेळी वाचलं. तीनदा वाचलं आणि मग सही केली.

हे सगळं पुस्तकात असतं तर खरं बोलल्याबरोबर व्हिसा आला असता. तसं झालं नाही. तिकडून आणखी कागद मागवले, मग आणखी खुलासा, आठवड्यावर आठवडे गेले, आणि वृद्धाश्रमानं दुसरा माणूस घेतला. नकार आला नाही, नोकरीच गेली. भाचा आपल्या जुन्या दवाखान्यात रात्रपाळी करतो आहे. त्यानं दुसऱ्या एका ठिकाणी अर्ज केला आहे, त्यातही 'हो' लिहिलं, पत्र जोडलं, माझं शपथपत्र जोडलं. उत्तर अजून आलेलं नाही. जोवर तो अर्ज करत राहील, तोवर प्रत्येक वेळी एका परक्या माणसापुढे माझी ती तिरपी रेघ दोनदा जाईल, एकदा खोट्याखाली आणि एकदा खऱ्याखाली. ऑफिसात अजून कोणी काही विचारलं नाही. रोज सकाळी टेबलावरची डाक मी आधी उलटी-पालटी करून पाहतो.

यंदाही गोटमारीत माझी ड्यूटी मंडपात लागली. संध्याकाळी एक नवीन हवालदार कागद घेऊन आला. मी त्याला म्हणालो, मी काही पाहिलं नाही. त्याला राग आला नाही, नवल वाटलं. तो शेजारच्या माणसाकडे गेला. त्या माणसानं पेन काढला. मी त्यालाही काही बोलू शकलो असतो. बोललो नाही.

मागच्या आठवड्यात सौंसरला गेलो होतो. अंगणवाडीच्या मानधनाचं बँकेतून एक पत्र आलं होतं. ते खाटेवर पडलेलं मला आल्या आल्या दिसलं, माझा हात सवयीनं पुढे गेला. बहिणीनं ते उचललं आणि पोराच्या हातात दिलं. मुद्दाम केलं असंही नाही. कागद आता तिकडे जातो, एवढंच.

त्यानं वाचलं, आईला समजावून सांगितलं, कुठं सही लागेल ते दाखवलं. मग घडी घालण्याआधी तो थांबला आणि पत्र माझ्याकडे सरकवलं.

"पाहा मामाजी," तो म्हणाला, "पण पूर्ण वाचा."

मी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. बहीण मी संपवेपर्यंत तिथंच उभी राहिली.