रिकाम्या पाकिटांची साक्ष

नोकरीत हाताळलेली बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या चोरीत कोण पंच होता, असं विचाराल तर सांगता येणार नाही. हे एक प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढं उभं राहतं, आणि त्याचा मला अभिमान नाही. यात दरोडा नव्हता, शस्त्र नव्हतं. कागदावर तो एक साधा अकस्मात मृत्यू होता. नावं कुणाचीच देत नाही, कारण ही माणसं अजून तिथंच राहतात.

मी तेव्हा शिरूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा फोन वाजला. मांडवगण फराट्याच्या अंगाला, नदीकडच्या एका वस्तीवरून कुणीतरी बोलत होतं. नाव सांगितलं नाही. म्हातारा काल गेला, आता दहा वाजता उरकणार आहेत, पण ते मरण साधं नाही, धाकट्या सुनेनं त्याच्या बीपीच्या गोळ्या गायब केल्यात, एवढं सांगून त्यानं फोन ठेवला. निनावी फोन करणाऱ्याला खरं काय ते माहीत असतंच असं नाही. गावाला काय वाटतं हे मात्र त्याला पक्कं माहीत असतं. मी डायरीला नोंद घेतली आणि जीप काढली.

वस्तीवर पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. मृत सत्तरीच्या आतबाहेरचा. बापजादे मेंढरं राखायचे, यानंही अर्धं आयुष्य मेंढरांमागं काढलं आणि मग चार एकर बागायती जमीन धरून बसला. आदल्या दिवशी सकाळी कांद्याच्या चाळीपाशी तोल जाऊन पडला, बोलणं बंद झालं, दौंडला नेईपर्यंत वाटेतच संपला. गाडी तशीच माघारी आणली होती. अंत्यविधी थांबवला की पोलीस सगळ्यांचे वैरी होतात, तसे आम्ही झालो. तरी पंच बोलावून प्रेताचा इन्क्वेस्ट पंचनामा केला. डोक्यापासून पायापर्यंत अंगावर जखम नाही, सूज नाही, वळ नाही, असं लिहून प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं.

मग घर पाहिलं. म्हाताऱ्याचं सरकारी आरोग्य उपकेंद्राचं कार्ड देवळीत होतं. कार्डावर लिहिलं होतं की आठच दिवसांपूर्वी त्याला महिनाभराच्या गोळ्या दिल्या आहेत. घरात मात्र गोळ्यांचं एक पाकीट नाही, ना भरलेलं, ना रिकामं. पेटी, फडताळ, पिठाचे डबे, सगळं उलटंपालटं केलं. गोळ्या नाहीत म्हणजे कुणीतरी टाकल्या, आणि घरात म्हाताऱ्याला चहाभाकरी देणारी एकच बाई होती.

ती धाकट्या मुलाची बायको, पंचविशीची. भांडगावची लेक. तिला एमआयडीसीत कामाला जायचं होतं आणि सासऱ्यानं ते होऊ दिलं नव्हतं. दोघांचा आवाज चढलेला शेजारच्या तीन घरांनी ऐकला होता. तिचा नवरा खाली मान घालून उभा होता. थोरला मुलगा दौंडला राहायचा, एका खासगी कंपनीची कामगारांची बस चालवायचा. तोही ओसरीच्या कडेला होता. मी सुनेला विचारत होतो तेव्हा दोघा भावांपैकी एकही बोलला नाही.

तिला आम्ही ठाण्यात आणलं. बाईला चौकशीसाठी ठाण्यात आणायचं नसतं, तिच्या घरीच विचारायचं असतं, हे मला पाठ होतं. डायरीला 'स्वतःहून हजर' असं लिहिलं. दोन दिवस सकाळी आणायचं, सूर्य मावळायच्या आत परत सोडायचं. महिला शिपाई शेजारी बसवली होती, चहा दिला, अंगाला बोट लावलं नाही. हे सगळं नियमात बसवता येतं. भर दिवसा जीपमधून गेलेली सून गावानं दोन वेळा पाहिली, ते कुठल्या नियमात बसत नाही.

मी एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होतो. गोळ्या कुठं टाकल्यास? नदीत टाकल्यास का? चुलीत घातल्यास का? ती एकच सांगत होती, "मी त्यास्नी हातच लावला न्हाई साहेब." पहिल्या दिवशी हे वाक्य तिनं पूर्ण म्हटलं. दुसऱ्या दिवशी नुसतं "न्हाई" उरलं, आणि दुपारनंतर तेही नाही. मला ते मुरलेपण वाटलं. आमचे जुने हवालदार, त्यांना सगळं ठाणं मामा म्हणायचं, ते मला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, "साहेब, खोटं बोलणारा उत्तर वाढवत नेतो. ही कमी करत चाललीय." मी त्यांच्यावर चिडलो. दोन दिवस घालवून हाती काही नसलं की अधिकाऱ्याला खरं बोलणाऱ्याचा राग येतो.

शवविच्छेदनाचा तोंडी अभिप्राय आला. मेंदूत रक्तस्राव. हृदयाची भिंत जाड झालेली. विषाची लक्षणं नाहीत, तरी व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, तपासणीसाठी राखून ठेवला. डॉक्टर म्हणाले की हे आठ दिवसांचं काम नाही, वर्ष-दीड वर्ष दाब मोकाट असणार, औषध पोटात जातच नव्हतं असं दिसतं. आठ दिवसांपूर्वीच्या गोळ्या सुनेनं फेकल्या असत्या तरी एवढं झालं नसतं. मग मी माझा संशय सोडायला हवा होता. मी तो दीड वर्ष मागं नेला. माणूस एकदा मनात ठरवून बसला की पुराव्यालाच वाकवतो.

तरी खात्री करायची म्हणून उपकेंद्राच्या सिस्टरना रजिस्टर घेऊन बोलावलं. चाळिशीच्या, कामाला चोख बाई. त्यांची पद्धत त्यांनी समजावली. बीपीच्या रुग्णानं दर महिन्याला रिकामी पाकिटं परत आणायची, त्या गोळ्या काढलेली भोकं मोजणार, रजिस्टरला खूण करणार आणि मगच नव्या गोळ्या. गोळ्या न खाता शेजारणीची रिकामी पाकिटं दाखवणाऱ्या बायका निघाल्या, तेव्हापासून त्या प्रत्येक पाकिटावर मार्करनं रुग्णाचा कार्ड नंबर घालायच्या. म्हाताऱ्याची दीड वर्षाची रिकामी पाकिटं त्यांनी पिशवीतून टेबलावर ओतली. प्रत्येकावर त्याचाच नंबर, एकाही पाकिटात एकही गोळी उरलेली नाही.

"माझ्या रजिस्टरला हा सगळ्यात चांगला पेशंट होता साहेब," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांना मी याचं उदाहरण द्यायची."

मी विचारलं, मग दाब? त्यांनी रजिस्टरची पानं मागं उलटली. दाब दर महिन्याला चढाच भरायचा. पाकिटं रिकामी येतात म्हणजे गोळ्या खातो, खाऊनही उतरत नाही म्हणजे गोळी कमी पडते, असं धरून वरच्या डॉक्टरांनी मात्रा वाढवली. पुढं आणखी वाढवली. या चढ्या मात्रेनं त्यांच्या निम्म्या रुग्णांचे पाय सुजायचे, तक्रारी यायच्या. म्हाताऱ्याची कधी आली नाही, म्हणून त्यांना तो चिवट वाटायचा.

हे बोलणं चालू असतानाच थोरला मुलगा जबाबाला आला. त्याला आदल्या दिवशीच निरोप दिलेला होता. सुतकातही रजा मिळाली नव्हती, ड्यूटीवरून थेट आलेला, अंगावर कंपनीचा युनिफॉर्म इस्त्री केलेला, आणि पायात रबरी चप्पल. युनिफॉर्मवर चप्पल आम्हा पोलिसांना लगेच खटकते. मी सहज विचारलं, बूट कुठं? तो म्हणाला, "बसत न्हाईत साहेब हल्ली." घोट्यापाशी पाय फुगले होते, चपलेचा पट्टा मांसात रुतला होता. सिस्टर त्याच्या पायांकडं बघत राहिल्या आणि मग माझ्याकडं. त्यांनी रजिस्टरमधल्या चढ्या मात्रेच्या नोंदीवर बोट ठेवलं.

मी त्याला बसवलं आणि विचारलं, "रिकामी पाकिटं दर महिन्याला परत कोण आणून द्यायचं?"

तो खुर्चीत होता तसाच खचला. मामांनी त्याच्या डब्याची पिशवी उघडली. तळाशी बापाच्या कार्ड नंबरची चार पाकिटं होती, दोन अर्धी आणि दोन भरलेली.

सांगायला लागल्यावर त्यानं थांबायचं नाव घेतलं नाही. कंपनीत दरवर्षी ड्रायव्हरांची वैद्यकीय तपासणी असते. दीड वर्षापूर्वी चक्कर आली म्हणून तो दौंडला एका डॉक्टरकडं गेला, तर दाब दोनशेच्या वर. औषध सुरू केलं की कुठंतरी नाव लागणार, नाव लागलं की कंपनीला कळणार आणि स्टीअरिंग जाणार, हे त्याच्या डोक्यात बसलं. त्यानं बापाला सांगितलं. बापालाही नुकतंच कार्ड मिळालं होतं. म्हातारा म्हणाला, मेंढरांमागं फिरलेलं अंग हाय माझं, मला काय व्हतंय, माझ्या गोळ्या तू ने. दर महिन्याला पोरगा भेटायला यायचा, रिकामी पाकिटं द्यायचा, भरलेली न्यायचा. मात्रा वाढली तेव्हा म्हाताऱ्यानं तोही निरोप पोचवला, "डॉक्टरनं वाढीवल्यात, तू बी दोन खा." दाब एकाच्या दंडावर मोजला जात होता आणि गोळी दुसऱ्याच्या पोटात जात होती. दोघं मिळून एक आज्ञाधारक रुग्ण झाले होते आणि रजिस्टरला तो शंभर टक्के होता.

"आन् भावजय दोन दिवस इथं बसलीय, ते दिसलं नाही तुला?" मी विचारलं.

"दिसलं साहेब. बोललो असतो तर नोकरी बी गेली असती, आन् बापाला मीच खाल्ला असं झालं असतं."

माझा हात उठला होता. मामा खोकले, म्हणून तो खाली आला. मारण्याचा हक्क मला नव्हता, आणि त्या दिवशी तर सगळ्यात कमी होता. तो गप्प बसला म्हणून ती अडकली, हे खरं. पण तिला तिथं बसवली मी.

गुन्हा कुणावरच होत नव्हता. बापानं राजीखुशीनं दिलं, मुलानं घेतलं. व्हिसेऱ्याचा अहवाल पुढं आला, त्यातही काही नव्हतं. नैसर्गिक मृत्यू म्हणून प्रकरण बंद करायचा प्रस्ताव तयार झाला. थोरल्याच्या बसमध्ये रोज माणसं बसत होती, म्हणून कंपनीत जाऊन स्वतः सांगायला मी त्याला जबाबाच्या दिवशीच दोन दिवस दिले होते, नाहीतर मी सांगेन म्हटलं. तो गेला. स्टीअरिंग काढून घेतलं, पण नोकरी ठेवली, गेटवर गाड्यांची नोंद करायचं काम दिलं. ज्या भीतीपायी बाप गेला, ती भीती एवढीच होती. सिस्टरनी त्याच्या नावाचं वेगळं कार्ड काढलं. भोकं मोजायचं त्यांनी सोडलं नाही, पण पहिली गोळी रुग्णानं त्यांच्यासमोर पाण्याबरोबर घ्यायची आणि महिन्यातून एकदा घरी जाऊन घरच्या माणसांशी बोलायचं, एवढं त्यांनी आपणहून वाढवलं.

फाईल बंद करण्याआधी सुनेचा पुरवणी जबाब घ्यायचा राहिला होता. ती भांडगावला माहेरी गेली होती. नवरा दोनदा आणायला जाऊन हात हलवत परतला होता. या खेपेला मी महिला शिपाई घेऊन तिच्या घरी गेलो. ती शेतात शेवंती तोडत होती. बांधावर उभं राहून मी तिला सगळं सांगितलं, तुझ्यावर काही नाही म्हणालो, मनाला लावून घेऊ नकोस असंही काहीतरी बोललो. ती तोडायची थांबली नाही. मग म्हणाली, "ते गोळ्या खातच नव्हते साहेब. वरीसभर बघत व्हते मी. मालकाला सांगितलं, तर म्हणाले तू नको नाक खुपसू."

मी विचारलं, मग ठाण्यात का नाही सांगितलंस?

"तुम्ही इचारलं, गोळ्या कुठं टाकल्यास. ते खात व्हते का, असं कुणी इचारलंच न्हाई. तुम्ही न्हाई, सिस्टरबाईनं न्हाई."

प्रशिक्षणात आम्हाला शिकवतात की साक्षीदार खोटं बोलतो, वस्तू खोटं बोलत नाही. त्या पिशवीतली सगळी पाकिटं खरी होती, नंबर खरे होते, भोकं खरी होती, आणि त्यातून निघालेली गोष्ट साफ खोटी होती. खरं माहीत असलेलं माणूस घरात रोज भाकरी थापत होतं. सिस्टरनी मोजलं, डॉक्टरांनी मोजलं, मी झडती घेतली, पण तिला कुणी माणसासारखं विचारलं नाही. त्यानंतर नोकरीत जेवढे दिवस उरले तेवढे, कुणाला आरोपीसारखं विचारण्याआधी मी एकदा शेजाऱ्यासारखं विचारून बघत आलो. त्यातून काही प्रकरणं लवकर सुटली. तिला त्याचा काही उपयोग झाला नाही. ती सासरी परत गेली नाही.

त्या दिवशी तिचा पुरवणी जबाब मी बांधावरच लिहून घेतला. माझी तक्रार नाही, मला कुणी त्रास दिला नाही, असा नेहमीचा मजकूर घातला आणि तिची सही घेतली. मला कुणी विचारलंच नाही, हे तिचं वाक्य मी त्यात घेतलं नाही. फाईल वरच्या साहेबांकडं जायची होती.