दातवाल्या बाईंचं मागचं चाक

दातवाल्या बाईंना बंद असलेली वस्तू बघवत नसे. मिक्सर बिघडला की तुम्हीआम्ही दुकान गाठतो, बाई स्क्रू-ड्रायव्हर गाठायच्या. आमच्या गिरगावातल्या वाडीत कुणाच्या घरी काही बंद पडलं, तर ते बाईंच्या कानावर जाऊ न देण्याची खबरदारी त्यानं घ्यावी. नाहीतर संध्याकाळी बाई दारात हजर. "सुहास, तुझा गीझर गेला म्हणे? उघडायचा का?" चेहरा असा, की जणू मी त्यांना पेढे खायला बोलावलंय. उघडलेला गीझर चालू होईलच असं काही नाही. पण आत काय आहे ते आपल्याला कळायचं, आणि बाईंच्या मते निम्मं काम तिथंच झालेलं असायचं.

जन्मभर त्यांनी लोकांची तोंडं उघडून आत डोकावलं होतं. दवाखाना वाडीतच, तळमजल्यावर. त्या खुर्चीत बसून बोंबलला नाही असा माणूस वाडीत सापडायचा नाही. आपण घाबरलो की त्या म्हणायच्या, "आधी बघूया, मग घाबरूया." आणि हातात आरसा द्यायच्या. कधी कधी आत घाबरण्यासारखं निघायचंही, पण तोवर आपण आपलीच किडकी दाढ कौतुकानं बघण्यात गुंग. वय झाल्यावर दवाखाना बंद केला, हत्यार मात्र एकही दिलं नाही कुणाला.

बाईंची एक गाडी होती. काळ्या-पिवळ्या टॅक्सी पूर्वी ज्या जातीच्या असायच्या त्याच जातीची, पण दुधी रंगाची. दवाखान्याच्या कमाईतून घेतलेली. वाडी पाडून टॉवर बांधायचं ठरलं तेव्हा बाईंनी सगळी व्यवस्था लावली. स्वतः पुण्याला मुलीकडे जाणार, गाडी वाईला जाणार, सुमतीताईंच्या अंगणात. सुमतीताई म्हणजे बाईंची कॉलेजातली मैत्रीण. सगळं ठरलं, आणि नेमकं उजवं मागचं चाक घुरघुरायला लागलं. खाली तेलही टपकायला लागलं. गॅरेजवाला पुढच्या महिन्याशिवाय हात लावायला तयार नव्हता.

बिल्डरचा माणूस फार गोड बोलणारा. "मॅडम, टेन्शन घेऊ नका. रविवारी क्रेन येतेय, तुमची गाडी उचलून परस्पर भंगारात देतो." तो गेला आणि बाई मटकन पायरीवर बसल्या. "तिला कुणी लटकवून नेलेलं मला नाही रे बघवणार," म्हणाल्या. "इथून ती आपल्या पायांनीच जाईल." मग पदवी मिळाल्यासारखा दवाखान्यातला पांढरा कोट अंगावर चढवला. मदतीला मला घेतलं, कारण माझ्या अंगात जोर आहे असा त्यांचा गैरसमज होता.

जॅक लावला, बाकीच्या चाकांना विटा लावल्या. बाईंनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चाकामागच्या लोखंडाला टेकवलं, मूठ कानाला लावली. "फिरव." मी चाक फिरवलं. "ऐक, ऐक!" म्हणत त्यांनी ती मूठ माझ्या कानात खुपसली. आत कुणीतरी दगड दळत होतं. मी म्हटलं, "बाई, हे काही खरं नाही." बाई हरखलेल्या. "बेअरिंगच आहे! मला वाटलंच होतं!"

चाक काढलं, ब्रेकचा ड्रम काढला, नट सोडले, पण एक्सलचा दांडा काही हलेना. बाईंनी ड्रम उलटा करून सैल लावला आणि तोच धरून हिसके द्यायला सांगितलं. "हलवत हलवत ओढ. घाई केलीस की मूळ आत राहतं." मी म्हटलं, "बाई, ही दाढ नाहीये." "तू ओढ रे!" ओढला, आणि दांड्यासकट मी फरशीवर आडवा. गॅलरीतून टाळ्या पडल्या. आधी कुणी विचारावं ना, लागलं का म्हणून!

दात तपासायचा छोटा आरसा आता एक्सलच्या पोकळीत गेला. आतल्या रबरी सीलचा ओठ फाटला होता, तिथूनच तेल गळत होतं. दुसरा माणूस असता तर जुनं सील आणि जुनं बेअरिंग फेकून मोकळा झाला असता. बाईंना प्रश्न पडला, आधी कोण बिघडलं? बेअरिंग ढिलं झालं म्हणून सील फाटलं, की सील फाटलं म्हणून बेअरिंग कोरडं पडलं? बेअरिंगला दांड्यावर अडवून धरणारं जुनं कडं छिन्नीनं फोडून बेअरिंग उतरवलं आणि बाई ते भिंगाखाली घेऊन खिडकीत बसल्या. बेअरिंगच्या शेजारची चपटी लोखंडी ताटली, मधे भोक असलेली, तीही सोबत नेली. तिच्यावरच्या ओरखड्यांत म्हणे उत्तर होतं.

ऑपेरा हाऊसच्या दुकानातून नवं सामान आणलं. दांडा मांडीवर घेऊन टॅक्सीनं लोअर परळला गेलो. तिथल्या एका गाळ्यात प्रेस होता. नवं बेअरिंग आणि नवं कडं दाबून घट्ट बसवून आणलं. घरी आलो, तर खिडकीत ताटली पडलेली. मी विचारलं, "बाई, ही कुठं लागते?"

बाईंनी एकदा ताटलीकडे बघितलं, एकदा दांड्याकडे. ती ताटलीच दांड्याला गाडीत धरून ठेवते, आणि ती बेअरिंगच्या आधी दांड्यात ओवावी लागते. आता ती मागून जाणं शक्य नव्हतं. शुक्रवारची संध्याकाळ झाली होती, क्रेन यायला मधे एकच दिवस. माझं डोकंच फिरलं. "त्या बिल्डरला फोन लावतो," मी म्हटलं. "नेऊ दे क्रेननं!" बाई हळूच म्हणाल्या, "बघतच बसले रे मी. बघत बसले आणि ओवायची विसरले." इतका बारीक आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात त्यांनी छिन्नी उचलली. "आण इकडे. नवं कडं कसं फुटतं ते तरी बघू."

शनिवारी पुन्हा दुकान, पुन्हा प्रेस. या खेपेला बाईंनी ताटली नाडीत ओवून गळ्यातच घातली होती. प्रेसवाला बघतच राहिला. "मॅडम, ये क्या है?" बाई म्हणाल्या, "मंगळसूत्र समझो." ताटली आधी, मग बेअरिंग, मग कडं. घरी येऊन नवं सील लाकडाच्या ठोकळ्यानं हलकेच ठोकत बसवलं, ओठाला ग्रीस लावलं आणि दांडा आत सरकवला. संध्याकाळी चाक बसलं. आधी कोण बिघडलं होतं ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्याची चुटपुट बाईंना लागून राहिली.

रविवारी क्रेन यायच्या आत आम्ही वाडीबाहेर पडलो. वाईपर्यंत बाईंनीच चालवली. तिथं चहा झाल्यावर चावी सुमतीताईंच्या हातात दिली. "एक चक्कर मार, मी मागे बसते." इतक्या वर्षांत त्या मागच्या सीटवर पहिल्यांदाच बसत होत्या. बरोबर त्या चाकाच्या वर, मान तिरकी करून. मी शेजारी. नदीकाठचा रस्ता लागला, सुमतीताईंनी वेग घेतला.

"काय ऐकू येतंय?" मी विचारलं.

"काही नाही रे. काही म्हणजे काहीच नाही." आणि बाईंनी ओढणीनं डोळे पुसले. मग पुढे वाकून म्हणाल्या, "सुमती, जरा थांबव. आम्ही इथंच उतरतो. तू जा पुढे."

आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. दुधी गाडी वळणापलीकडे गेली, दिसेनाशी झाली. बाई तरीही कान देऊन उभ्याच होत्या. त्या रडत नव्हत्या आता. मला मात्र रडू आवरेना.