मूर्तीच्या ट्रकमधून ग्लायडर

काथ्याचा वास आला की लालबागची ती सकाळ आठवते. मी नुकताच घेतलेला ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, इंदूरजवळच्या धावपट्टीवर न्यायचा होता. सुटे केलेले लांब पंख बघून तीन ट्रान्सपोर्टवाल्यांनी हात वर केले. मी हटलो नाही. गणपतीच्या मूर्ती गावोगावी नेणाऱ्या काकांना गाठलं. त्यांनी पंख गादीला टेकवून काथ्याने बांधले आणि ग्लायडरच्या नाकावर फडकं गुंडाळलं. "काका, ही मूर्ती नाही." "असूदे. पोचल्याशिवाय तोंड उघडायचं नाय." मग नारळ फोडत म्हणाले, "आजवर जे पोचवलं त्याचं विसर्जनच झालं. हा उडताना बघितल्याशिवाय मी माघारी येणार नाय." पहिल्या उड्डाणाचा फोटो आज माझ्या भिंतीवर आहे. त्यात ग्लायडर दिसत नाही. हातात फडकं घेऊन आभाळाकडे बघणारे काका दिसतात.