चिखलाची बाजू

हे सगळं असंच घडलं का, याची खात्री मला आता देता येत नाही. कराडची हार आधीची की सांगलीची, असं विचाराल तर मी पत्नीकडे बघेन, आणि ती तर तिथे नव्हतीच! रस्सीखेचीत दोर एक असला तरी किस्से आठ साठतात, कारण ओढणारे आठ. शिवाय कडेला नुसता उभा होता त्याचा नववा. तो मी.

वारजे तेव्हा नुकतंच शहरात आलं होतं. आमचा क्लब तात्यांच्या वावरात सराव करायचा. तात्यांचा मुलगा ज्ञानोबा आमचा अँकर, म्हणजे दोर अंगाभोवती घेऊन सगळ्यात मागे पाय रोवणारा गडी. मी पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक, डॉक्टरेट वगैरे. पत्रव्यवहार नीट करतो म्हणून मला मॅनेजर केलेलं.

त्या वर्षी वावराशी बिल्डरच्या गाड्या थांबू लागल्या. तात्यांनी ज्ञानोबाला सगळ्यांसमोर सांगितलं, "औंदा एक शिल्ड आण. मग मी हाय तवर वावर तुमच्या दोराला. नायतर दिवाळीला सही."

ज्ञानोबा नुसता मान हलवून दोर गुंडाळत राहिला. हंगामभर त्याच्या डोक्यात ती एक शिल्ड होती, आणि तिच्या आड बहुतेक वेळा मीच आलो.

*

कराडला आधी वजन. आठ जणांचं मिळून सहाशे चाळीस किलोच्या आत लागतं, म्हणून पोरं आदल्या दिवसापासून उपाशी. एस.टी.त शेजारच्या बाईंनी दशम्या पुढे केल्या, तर पुष्करने डोळेच मिटून घेतले. पुष्कर आमचा कॉम्प्युटर कंपनीतला गडी.

काट्यावर आठ जण नऊ किलो जास्त भरले! मी सगळ्यांना मैदानाभोवती पळवलं. किलोभर उतरलं. मग घाबरून मी म्हणालो, "तत्त्वतः केसांनाही वजन असतंच."

झालं! गेटाबाहेरच न्हावी बसला होता. तिघांनी गोटा केला. त्यात पुष्कर, ज्याचा पुढच्या रविवारी साखरपुडा!

पुन्हा रांगेत उभे राहिलो. काट्यावरचे गृहस्थ तीन टकलांकडे बघत राहिले. मग त्यांची नजर खाली गेली. "साहेब, हे लोखंडी टाचांचे बूट काढून उभं राहायचं असतं."

"अहो, मग आधी का नाही सांगितलंत?"

"आपण पुण्याचे. म्हटलं, माहीत असेल."

उपाशी पोरं पहिल्याच फेरीत हरली. साखरपुड्याच्या फोटोत पुष्कर टोपी घालून आहे.

*

पुष्करच्या कंपनीने वार्षिक दिनाला आम्हाला बोलावलं. समोर त्यांचेच कर्मचारी, दिवसभर खुर्चीत बसणारे. "शिल्ड आलीच समजा!" असं मी तात्यांना सांगून बसलो.

हिरवळीवर पाऊल ठेवतो तोच एक मॅडम धावत आल्या. "सर, हे शूज प्लीज नको. लॉन खराब होईल."

माझ्याने नाही म्हणवेना. आमची पोरं अनवाणी, त्यांची रबरी तळव्यांच्या स्पोर्ट्स शूजमध्ये. आम्ही त्या ओल्या हिरवळीवरून देवाच्या पालखीसारखे अलगद पुढे गेलो! दोन्ही वेळा.

"बेस्ट स्पिरिट" म्हणून आठ कॉफीचे मग मिळाले. तात्यांनी एक उलटासुलटा करून पाहिला.

"सर, हे शिल्डीत धरायचं का भांड्यात?"

*

सांगलीला आमचा हाळी देणारा आजारी पडला. दोन्ही संघ दोर ताणून थिजलेले असताना कडेच्या माणसाने नेमका क्षण बघून ओरडायचं असतं, की आठही जण एकदम मागे. ते काम माझ्यावर आलं.

समोरच्या एकाची मांडी थरथरताना मला दिसली. पण थकव्याने, की ती हूल होती? आमची आठ माणसं आडवी होऊन माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हणालो, "मला वाटतं, आता ओढायला हरकत नसावी."

ज्ञानोबा जांभळा पडला होता. "सर, हो का नाय, तेवढंच सांगा!"

"तुमचं काय मत?" मी विचारलं.

अर्थात हरलो. परतीच्या गाडीत ज्ञानोबाने मात्र खिडकीची जागा मला दिली. ते जास्त लागलं.

*

हंगामाची शेवटची स्पर्धा तात्यांच्याच वावरात. आदल्या संध्याकाळी मी पोरांना घर्षण समजावलं: जिंकणं ताकदीपेक्षा जमिनीच्या पकडीवर असतं. तात्या बांधावर बसून लक्षपूर्वक ऐकत होते.

सकाळी येऊन बघतो तर मैदानाची एक बाजू कोरडी, दुसरीकडे घोटाभर चिखल! तात्या कानाशी येऊन म्हणाले, "पाटाचं पाणी सोडलं. आपुन कोरडी बाजू घ्यायची."

"तात्या, पहिल्या खेचीनंतर बाजू बदलतात!"

"आं? हे काल न्हाय सांगितलं तुमी!"

पंच म्हणाले, "चिखल दोघांच्याही वाट्याला येणारच आहे. खेळा." मी आमची यादी त्यांच्या हातात दिली.

अंतिम फेरीत समोर लोणी काळभोरचा संघ. त्यांचे कप्तान मल्हारीअण्णा, मिशा पिकलेल्या. माइकवरच्या पोराने उत्साहात गावभर जाहीर केलं, "आज शिल्ड न्हाय, तर हे वावर बिल्डरला!"

टॉस आम्ही जिंकलो, कोरडी बाजू घेतली, पहिली खेच आमची. बाजू बदलली, आणि आम्ही म्हशींसारखे घसरत गेलो. तिसऱ्या खेचीसाठी पुन्हा टॉस. तो मल्हारीअण्णांनी जिंकला. ज्ञानोबा कमरेचा पट्टा सोडू लागला.

अण्णांनी त्याला विचारलं, "वावर हेच का रं?"

"हेच."

अण्णांनी एकदा बांधापासून बांधापर्यंत नजर फिरवली आणि पंचांना सांगितलं, "आम्ही चिखलाकडून."

त्यांचा एक गडी ओरडला, "अण्णा, येड लागलं का?"

"दोर धर."

ते जीव तोडून ओढत होते, ते मी जवळून पाहिलं. जिंकलो आम्ही. तात्यांनी त्याच दिवशी बिल्डरला चहा पाजून कायमचं परत पाठवलं. अण्णा आमच्या पंपावर पाय धूत होते. चिखलाचं त्यांना सांगावं म्हणून मी जवळ गेलो आणि "साबण देऊ का?" एवढंच विचारून आलो.

पुष्कळ वर्षांनी मंडईत त्यांच्या संघातला एक जण भेटला. त्याने जे सांगितलं त्यावर माझा विश्वास बसेना, म्हणून मी मुद्दाम लोणीला जाऊन आलो. त्यांच्या सरावाच्या जागी आता कॉलेजचं हॉस्टेल आहे. आजूबाजूला चौकशी केली. सगळ्यांनी एकच सांगितलं: ते मैदान आमच्या सामन्याच्या आदल्याच महिन्यात विकलं गेलं होतं.